हूक्स्ट्रांच्या गॅरेजमधला मासा

वॉरन हूक्स्ट्राने हात वर केला तो बायकोला, म्हणजे जोडीला, जागा दाखवायला. जोडी गाडी लावून उशिरा आली होती, आणि लेक हॅलोवे हायस्कूलचं सभागृह इतकं अवाढव्य, की त्यात चुकामूक झालेलं जोडपं थेट घरीच भेटतं. जोडीला हात दिसला. दुर्दैवाने तो व्यासपीठावरच्या झिल्स्ट्राबाईंनाही दिसला. बाई शाळेतल्या सगळ्या उपक्रमांच्या प्रमुख, आणि नेमक्या त्याच क्षणी त्या पालकांना विचारत होत्या, की यंदा होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या वार्षिक सोहळ्याच्या, मिरवणुकीतला दहावीचा चित्ररथ कोणाच्या गॅरेजमध्ये बांधायचा.

"अरे वा! ते निळे स्वेटरवाले! नाव काय तुमचं?"

वॉरनने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच निळ्या स्वेटरमध्ये नव्हतं. तोवर सभागृहभर टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्या टाळ्यांत कौतुक कमी आणि सुटका जास्त होती, हे विम्याच्या धंद्यात मुरलेल्या त्याच्या कानांना लगेच कळलं. लोक आपल्या घराला आग न लागल्याबद्दल वाजवतात, तशा त्या टाळ्या होत्या.

घरी आल्यावर मुलीने पहिला प्रश्न विचारला, "बाबा, तू हात का वर केलास?"

"आईला जागा दाखवायला."

"मग आईला फोन नव्हता करता येत?"

ब्रिन जिना चढून खोलीत गेली आणि दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं. सोळा वर्षांच्या मुलीने दार आपटलं तर बापाला निदान काहीतरी करता येतं.

वॉरन दुसऱ्याच दिवशी फोन करून नकार देणार होता. वाक्यही तयार होतं: कंबरेचं दुखणं, लहान गॅरेज, जोडीला धुळीचा त्रास. पण गेल्याच आठवड्यात शाळेच्या वाचनालयातल्या बाई जोडीला भेटून म्हणाल्या होत्या, "किती शांत मुलगी हो तुमची! रोज दुपारचं जेवण आमच्याकडेच करते, एकटी, पुस्तक घेऊन." बाईंनी हे कौतुकाने सांगितलं होतं. जोडी ते ऐकून गाडीत बसून रडली होती. गेल्या वर्षी हूक्स्ट्रा कुटुंब उत्तरेकडच्या ज्या गावातून इथे राहायला आलं, तिथे ब्रिनच्या सगळ्या वर्गाचा फोटो एका बाकावर बसून निघायचा. इथे अडीच हजारांवर मुलं. बुद्धिबळापासून मधमाश्या पाळण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचं मंडळ, प्रत्येक मंडळाचे टी-शर्ट, आणि ब्रिनकडे त्यांतला एकही नाही.

"असू दे," जोडी म्हणाली. "मुलं आपल्या घरी येतील. घरात आवाज होईल."

वॉरनने नकाराचं वाक्य गिळलं.

आता लेक हॅलोवेचं शुभचिन्ह काय, तर स्टर्जन. बाकीच्या शाळांनी सिंह, गरुड, गेलाबाजार अस्वल तरी घेतलं. इथल्या पूर्वजांनी गावच्या तळ्याकडे पाहिलं आणि एक लांबलचक, राखाडी, मिशाळ मासा पसंत केला. त्यामुळे फुटबॉलच्या मैदानावर आमच्या मुलांची आरोळी "फाडा!" किंवा "चिरडा!" अशी नसते, "गिळा! गिळा!" अशी असते. बाहेरगावच्या माणसाला ती जेवणाची सुट्टी झाल्यासारखी वाटते, पण इथे ती ऐकून म्हाताऱ्यांचे डोळे पाणावतात.

पहिल्या संध्याकाळी तीन मुलं आली. त्यांतला कॉर्बिन टेनहाउट हा दहावीचा अध्यक्ष. तो पुढेमागे खासदार होणार हे त्याच्या हस्तांदोलनावरूनच कळायचं. दुसरी इमानी, हिच्या हातात चित्रांची वही. तिसऱ्याचं नाव वॉरनला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तो सतत खात होता.

"सर," कॉर्बिन म्हणाला, "संकल्पना अशी आहे, की आपला स्टर्जन ईस्टमूरच्या सरदाराला गिळतोय."

ईस्टमूर म्हणजे पलीकडच्या उपनगरातली शाळा. त्यांचं शुभचिन्ह चिलखत घातलेला सरदार, त्यांचा रंग जांभळा, आणि होमकमिंगचा सामना त्यांच्याशीच होता. इमानीने वही उघडून दाखवली. माशाने आ वासला होता आणि त्यातून जांभळी विजार घातलेले दोन पाय बाहेर आले होते.

"छान आहे," वॉरन म्हणाला. "किती मोठा?"

"ट्रेलर केवढा मिळेल त्यावर."

ट्रेलर शेजारच्या डेलकडे होता. डेल ओस्टरहाउस निवृत्त झाल्यापासून आपल्या अंगणात खुर्ची टाकून बसत असे आणि वॉरनने काहीही करायला घेतलं की उठून येत असे. गवत कापणं, पानं झाडणं, दिवा बदलणं, यातली एकही गोष्ट वॉरनने गेल्या वर्षभरात डेलच्या देखरेखीशिवाय केली नव्हती.

"ट्रेलर देतो की," डेल म्हणाला. "पण तो माझ्याच गाडीला लागेल आणि गाडी मी चालवीन. आणि एक सांगू? स्टर्जनला दात नसतात."

"चित्र आहे हो, डेल. जरा इकडेतिकडे चालायचंच."

"तोंडही पुढे नसतं त्याचं. खाली असतं, पोटाकडे. चिखलातलं ओढून खातो तो. सरदाराला गिळायचं तर सरदाराला आधी चिखलात झोपावं लागेल."

कॉर्बिनने याची नम्रपणे दखल घेतली आणि माशाला दातांची दुसरी रांग लावायचं ठरवलं.

कामाला सुरुवात झाली. लाकडाचा सांगाडा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी, आणि जाळीच्या एकेका भोकात राखाडी पतंगी कागदाचा चुरगळलेला तुकडा. असे हजारो तुकडे. जोडीने पहिल्या दिवशी मोठं पातेलंभर राजमा-खिमा केला आणि ती बातमी शाळेत पसरली. दुसऱ्या दिवशी अकरा मुलं आली, चौथ्या दिवशी गॅरेज भरलं. बँडमधले झाडून सगळे ट्रॉम्बोनवाले आले. त्यांचा दहावीशी संबंध नव्हता, माशाशी नव्हता, काम ते करत नव्हते. पण गॅरेजमध्ये आवाज छान घुमतो असा शोध त्यांना लागला होता.

घरात आवाज व्हावा ही जोडीची इच्छा अशा रीतीने पुरी झाली. ब्रिन मात्र वरच होती. मुलं खाली, ती वर, आणि मधल्या जिन्यात पातेलं घेऊन चढउतार करणारा बाप.

"जरा खाली ये ना, खाऊन तरी जा."

"बाबा, ते आपल्या घरी आलेत म्हणून मी त्यांची मैत्रीण होत नाही. ते राजमा खायला आलेत."

हे खरं असल्यामुळे वॉरन खाली आला.

दरम्यान झिल्स्ट्राबाईंनी त्याला कचेरीत बोलावलं. ती कचेरी मुलांना दम देण्यासाठी बांधलेली आहे. तिथल्या ठेंगण्या खुर्चीत बसलं की गुडघे हनुवटीला लागतात आणि पन्नाशीच्या माणसालाही आपण काहीतरी फोडल्यासारखं वाटतं.

"हूक्स्ट्रासाहेब, गिळणं चालणार नाही," बाई म्हणाल्या. "अन्य शाळेच्या विद्यार्थ्याविरुद्ध हिंसा होते ती."

"पण बाई, सगळं मैदान 'गिळा, गिळा' ओरडतं."

"ते उत्स्फूर्त असतं. हे नियोजित आहे."

वॉरनने मुलांना जाऊन सांगितलं. मुलांनी विचार करून सुचवलं, की मासा सरदाराला मिठी मारतोय असं दाखवू. पण माशाला हात नसतात. मग पापा घेतोय असं दाखवू. त्यावर बाईंनी चष्मा काढून वॉरनकडे असं पाहिलं, की तो दोन दिवस कोणाच्या नजरेला नजर देईना. तोवर सरदाराचे पाय तयार होऊन माशाच्या तोंडात पक्के बसले होते. ते काढायचे म्हणजे जबडाच तोडायला हवा. शेवटी इतकी वर्षं लोकांचे अपघातांचे अर्ज वाचून आलेली सगळी विद्या वॉरनने पणाला लावली.

"बाई, तो आत जात नाहीये. बाहेर येतोय."

"म्हणजे?"

"सरदार तळ्यात बुडत होता. आमच्या माशाने त्याला वाचवला. आता तो त्याला सुखरूप किनाऱ्यावर सोडतोय."

"पाय आधी?"

"काही बाळंही तशीच येतात, बाई."

झिल्स्ट्राबाईंनी एक कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी चित्ररथाचं नाव 'मैत्री' असं ठेवायला लावलं आणि हिंसा सूचित करणारा एकही शब्द रथावरून उच्चारला जाणार नाही, असं वॉरनकडून लिहून घेतलं. शिवाय मिरवणुकीत त्याने नारिंगी जाकीट घालून, हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन माशाबरोबर चालायचं ठरलं. विमाही हवा होता. वॉरनने आपल्याच कंपनीत विचारलं, तर जुना सहकारी म्हणाला, "कागदाचा मासा, चालत्या गाडीवर, आत शाळकरी मुलं, आणि गाडी चालवणारा शहात्तर वर्षांचा? वॉरन, हा अर्ज दुसऱ्या कोणी आणला असता तर तूच त्याला बाहेर काढला असतास." शेवटी विमा दुसरीकडे उतरवला. वॉरनला यात थोडा अपमान वाटला, आणि सहकाऱ्याचं बरोबर होतं यात जास्त वाटला.

मुलांचं मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडलं होतं. माशाचा जबडा दोरीने उघडझाप होणार होता आणि तो होत नव्हता. एकदा उघडला की तसाच राहायचा. कॉर्बिनने त्यासाठी उपसमिती नेमली. ट्रॉम्बोनवाल्यांनी तिला साथ दिली. त्या गोंगाटात घरातून गॅरेजमध्ये उघडणारं दार उघडलं आणि ब्रिन उंबऱ्यात उभी राहिली.

"जरा हळू वाजवाल का? माझी उद्या परीक्षा आहे."

ट्रॉम्बोन थांबले. ब्रिनची नजर जबड्यावर गेली. ती वळून जायला निघाली आणि थांबली. वॉरनने हातातली लाकडाची पट्टी उगाचच झटकल्यासारखं केलं आणि दुसरीकडे पाहिलं.

"ती दोरी तिथे बांधलीत तर तो कधीच मिटणार नाही," ब्रिन म्हणाली. "बिजागरीच्या मागून घ्यायला हवी. आतून."

"आत कोणी मावत नाही," इमानी म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी घुसून पाहिलं. कॉर्बिन तर अडकलाच होता."

ब्रिन मावली. सरदाराच्या पायांवरून ती सरपटत आत गेली, थोडी खुडबुड झाली, आणि मग माशाने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. सगळं गॅरेज ओरडलं.

ती त्या दिवशी माशातून बाहेर आली ती जेवायलाच. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर दप्तर टाकून परत आत. माशात तिला कोणी पाहत नव्हतं, आणि कोणी पाहत नसलं की तिला बोलता येत होतं. मुलं जाळीवर कागद खोचता खोचता माशाशी गप्पा मारू लागली.

"ब्रिन, आत पकड आहे का गं?"

"आहे. पण मी देणार नाही. कालची कात्री कुठाय आधी सांग."

"टेनहाउटने नेली."

"मग टेनहाउटला गिळते."

वॉरन कोपऱ्यात उभा राहून पातेलं घासत होता. पातेलं केव्हाच स्वच्छ झालं होतं.

मासा वाढता वाढता गॅरेजात मावेना. शेपटी दाराबाहेर आली. त्याबरोबर प्लूइमबाई आल्या. प्लूइमबाई पलीकडच्या घरात राहत आणि कॉलनीच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. कचऱ्याचे डबे रस्त्यावरून दिसता कामा नयेत, कुंपणाचा रंग पांढराच हवा, वगैरे कलमं त्यांना तोंडपाठ.

"अंगणात होडी ठेवायला बंदी आहे, मिस्टर हूक्स्ट्रा."

"ही होडी नाही."

"जनावरांनाही बंदी आहे."

"हे जनावर नाही हो. म्हणजे आहे, पण जिवंत नाही."

बाई शेपटीभोवती एक फेरी मारून आल्या. माशाला कोणतं कलम लागतं हे ठरत नव्हतं. डेल आपल्या खुर्चीतून ओरडला, "बाई, तुम्हाला तरी दात पटतात का?" बाईंनी दात पाहिले, पाय पाहिले, आणि आतून कोणीतरी "नमस्कार, प्लूइमकाकू" असं म्हटल्यावर त्या जरा मऊ झाल्या. मिरवणुकीच्या आदल्या रात्री अख्खा मासा बाहेर काढून ट्रेलरवर चढवावा लागणार होता. तेवढ्या एका रात्रीची परवानगी त्यांनी दिली. समितीच्या इतिहासात अशी सवलत प्रथमच दिली गेली. फक्त ही गोष्ट त्यांच्या हिरवळीच्या फवाऱ्यांना कोणी सांगितली नव्हती. ते पहाटे आपोआप सुरू होतात आणि वाऱ्याच्या दिवशी त्यांची वॉरनच्या अंगणावरही कृपा होते.

सकाळी वॉरन वर्तमानपत्र आणायला बाहेर आला आणि तसाच उभा राहिला.

मासा शाबूत होता. दात होते, मिशा होत्या, पाय होते. पण राखाडी कागद भिजून त्याचा रंग उतरला होता. राखाडी रंग कशाकशाचा बनतो कोण जाणे, त्यातलं काळं तेवढं वाहून गेलं होतं आणि जे उरलं होतं ते जांभळं होतं. नाकापासून शेपटीपर्यंत, ईस्टमूरच्या विजारीसारखं जांभळं.

डेल कॉफीचा पेला घेऊन आला. त्याने बराच वेळ पाहिलं.

"दातांपेक्षा हे जास्त खटकतंय आता," तो म्हणाला.

प्लूइमबाई झोपेच्या कपड्यांवर कोट घालून आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच "माझी चूक" असं म्हणाल्या. शाळा सुटल्यावर मुलं आली. कॉर्बिन पायरीवर बसला आणि डोकं धरून म्हणाला, "माझी कारकीर्द संपली." कागद बदलायला वेळ नव्हता. बदलायला कागदही नव्हता. फवारायला रंगही नव्हता; वॉरन दिवसभर दुकानं पालथी घालून रिकाम्या हाताने परत आला होता. मिरवणूक तासाभरावर आली होती.

"न्यायचाच नाही," कोणीतरी म्हणालं.

माशाच्या आतून आवाज आला, "मी इथे तीन आठवडे बसले आहे. न्यायचा."

मिरवणूक निघाली. पुढे बँड, मग नववीचा रथ, त्यामागे डेलच्या गाडीला जोडलेला जांभळा स्टर्जन. त्याच्या शेजारून नारिंगी जाकीट घातलेला, नळकांडं काखेत मारलेला वॉरन हूक्स्ट्रा चालला होता. डेल असा सावकाश चालवत होता, की मागच्या अकरावीच्या रथावरच्या मुली खाली उतरून पाय मोकळे करत होत्या. पहिल्या वळणापर्यंत लोकांना काही कळलंच नाही. वळणावर कळलं.

"अरे, हा ईस्टमूरचा आहे का?"

"आपला मासा जांभळा? लाज वाटते का!"

पेट्रोल पंपापाशी ईस्टमूरची पंधरावीस पोरं मुद्दाम येऊन उभी होती. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "धन्यवाद! धन्यवाद!" ती ओरडत होती. हे जास्त लागलं. दोन्ही बाजूंनी हुर्यो उठली. रथांवरून मुलांना वाटलेल्या खाऊच्या गोळ्या लोक उलट माशावर फेकू लागले, त्यांतली एक वॉरनच्या कपाळावर बसली. रथावरची मुलं खाली बघायला लागली. इमानी रडायच्या बेतात होती. वॉरनने जाळीशी तोंड नेलं.

"ब्रिन, तू ठीक आहेस ना? थांबवायला सांगू का डेलला?"

डरकाळ्या फोडण्यासाठी बँडवाल्यांनी तिला एक भोंगा दिला होता, तो खरखरला. माशाचा जबडा सावकाश, अगदी पुरता उघडला. आणि सगळ्या रस्त्यावर ब्रिनचा आवाज घुमला.

"काय बघताय? अख्खा ईस्टमूर गिळलाय! माणूस काय राखाडी राहील का?"

मग पेट्रोल पंपाच्या समोरच्या बाजूने कोणीतरी खो-खो हसलं, आणि ते हसणं रस्त्यावरून पुढे पसरत गेलं.

"हा शेवटचाच राहिलाय," मासा पुढे म्हणाला. "पायांना चव नाही त्याच्या."

सरदाराचे पाय दोरीने झटकले गेले. मग मात्र रस्ताभर एकच गजर झाला. "गिळा! गिळा!" म्हातारे ओरडत होते, बँड वाजवायचं सोडून ओरडत होता, पेट्रोल पंपावरची पोरं गाडीत जाऊन बसली. डेलने उत्साहाच्या भरात गाडीचा हॉर्न दाबला आणि वेगही वाढवला. त्यामुळे बँकेच्या कोपऱ्यावर शेपटी बाहेर झोकली जाऊन रस्त्याकडेला मांडलेल्या एका घडीच्या खुर्चीला लागली. खुर्ची रिकामी होती आणि शेपटीचा अर्धा भाग तिच्यावरच राहिला. तो उचलून खांद्यावर घेऊन वॉरन उरलेली मिरवणूक धावला.

व्यासपीठापाशी परीक्षकांबरोबर झिल्स्ट्राबाई बसल्या होत्या. त्यांनी वॉरनला हातानेच बोलावलं.

"हूक्स्ट्रासाहेब, हिंसा सूचित करणारा शब्द उच्चारणार नाही असं तुम्ही लिहून दिलं होतं."

"दिलं होतं," वॉरन धापा टाकत म्हणाला.

"दहावीचा रथ बाद."

"बरोबर आहे, बाई."

बाईंनी जरा पुढे झुकून हळूच विचारलं, "आतली मुलगी कोण हो?"

"माझीच."

"एवढी वर्षं इथे आहे मी," बाई म्हणाल्या, "मैदानाच्या निवेदनाला असा आवाज मिळाला नाही मला. सोमवारी पाठवा तिला माझ्याकडे." आणि परत चष्मा लावून त्यांनी दहावीच्या नावापुढे ठळक फुली मारली.

मैदानाबाहेर गाड्या लावतात तिथे मासा उभा होता. वॉरन पोचला तेव्हा ब्रिन सरदाराच्या पायांवरून सरपटत बाहेर येत होती. केसांत जांभळे कपटे, हात कोपरापर्यंत जांभळे. तिच्याभोवती पन्नासेक मुलं होती आणि सगळी एकदम बोलत होती. अकरावीच्या मुली होत्या. ट्रॉम्बोनवाले तर होतेच. ती काहीतरी म्हणाली आणि सगळी हसली. ते काय होतं हे वॉरनला ऐकू आलं नाही.

तो पुढे झाला. अंगात नारिंगी जाकीट, एका खांद्यावर शेपटी, दुसऱ्या हातात नळकांडं. ब्रिनने त्याला पाहिलं आणि त्या घोळक्यातून पटकन बाहेर आली. बापाला मुलांपासून जरा लांब नेण्यासाठी ती आली होती, हे उघड होतं.

"बाबा, तू घरी जा ना."

"सामना नाही बघायचा? मी तिकिटं काढलीत. आई तिथे जागा धरून बसलीय."

"मी या लोकांबरोबर बसणार आहे. नंतर कुठेतरी खायला जायचंय म्हणे. मी येईन." मग त्याच्याकडे नीट बघून तिने आवाज खाली केला. "आणि ते जाकीट काढ, प्लीज. सगळे बघतायत."

ती धावत परत गेली. वॉरनने जाकीट काढलं, घडी करून माशाच्या तोंडात ठेवलं आणि मैदानात गेला. वरच्या रांगेत जोडी तीन माणसांच्या जागेवर कोट, पिशवी आणि घोंगडी पसरून, येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडत बसली होती. तो शेजारी टेकला. तिने त्याच्या मागे पाहिलं, मग सगळ्या पायऱ्यांवरून नजर फिरवली.

"ब्रिन कुठाय?"

खाली अडीच हजार पोरं उभी होती, ओरडत होती, एकमेकांच्या खांद्यावर चढत होती. वॉरनने त्या गर्दीकडे बराच वेळ पाहिलं. मग तिसऱ्या जागेवरची घोंगडी उचलून त्याने आपल्या दोघांच्या गुडघ्यांवर पसरली.

"त्यातच आहे कुठेतरी," तो म्हणाला. "नाही दिसत."